गाडी कुठल्या पासिंगची? मराठवाड्यातल्या नंबरप्लेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टपरीवर चहा घेताना समोरून अनोळखी गाडी गेली, की मराठवाड्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठली पासिंग हाय? मग तिच्यावरून माणूस कुठला, कुणाचा, कशाला आला याचे अंदाज सुरू होतात. अर्धे बरोबर निघतात, अर्धे साफ चुकतात. ते का चुकतात, हे पुढच्या प्रश्नोत्तरांत जागोजागी येईल.

मराठवाड्यातले सगळे कोड एकदा सांगा.

छत्रपती संभाजीनगर एमएच २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६. आठवा जिल्हा हिंगोली, त्याचा ३८. एवढे आठ पाठ असले तरी रोजचं काम भागतं. याशिवाय तालुक्याच्या गावांना मिळालेले तीन कोड आहेत : अंबाजोगाई ४४, उदगीर ५५ आणि वैजापूर ५७. यातला ४४ चांगला रुळलेला आहे. बाकी दोन नवे असल्यामुळे रस्त्यावर अजून कमी दिसतात आणि दिसले की लोक वळून बघतात.

२० ते २६ सलग आणि हिंगोली एकदम ३८, असं का?

महाराष्ट्राचा नकाशा आणि कोडची यादी शेजारी ठेवली की याचं उत्तर सापडतं. १ ते ८ मुंबई आणि कोकण : ताडदेवपासून सिंधुदुर्ग, रत्नागिरीपर्यंत. ९ ते १४ पुणे विभाग : कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि पिंपरी-चिंचवड. १५ ते १९ नाशिक विभाग. २० ते २६ आपण. २७ ते ३० अमरावती विभाग, ३१ ते ३६ नागपूर विभाग. म्हणजे महसुली विभाग एकामागून एक घेतलेत आणि मराठवाड्याच्या वाट्याला सात आकड्यांचा सलग पट्टा आलाय.

हिंगोली परभणीतून वेगळी झाली १ मे १९९९ ला. तोवर २२ च्या पुढचा २३ बीडने आणि नांदेडच्या पुढचा २७ अमरावतीने घेतलेला. त्यामुळे तिला ३६ च्या पुढच्या रांगेत जागा मिळाली. तिच्या अलीकडे वाशीम ३७ आणि पलीकडे नंदुरबार ३९ आहे, तेही १९९८ साली झालेले जिल्हे. वाशीम निदान हिंगोलीला लागून आहे. नंदुरबारशी मात्र हिंगोलीचं नातं फक्त या आकड्यापुरतं.

पण जालना आणि लातूर हेही नंतर झालेले जिल्हे. ते ओळीत कसे बसले?

हैदराबाद संस्थानातून मराठवाडा आला तेव्हा जिल्हे पाचच होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना झाला १९८१ साली, लातूर १९८२ साली. आज आपण वापरतो ती एमएच आणि पुढे दोन आकडे ही पद्धत त्यानंतरची. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. नवी पद्धत आली तेव्हा हे दोन्ही जिल्हे नकाशावर होते, म्हणून जालना २१ आणि लातूर २४ बिनबोभाट ओळीत बसले. लातूर आधी ज्याचा भाग होता त्या उस्मानाबादला २५ मिळाला, म्हणजे लेक आईच्या एक घर पुढे.

त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांवर एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. जिल्ह्याचा नंबर त्यात लिहिलेला नसे. ज्याला अक्षरं पाठ असतील त्यालाच गाडी कुठली ते कळायचं. जुन्या राजदूत, येझदी आणि जीप जपून ठेवलेल्यांकडे अशा पाट्या अजून बघायला मिळतात.

बीड जिल्ह्याला दोन कोड कसे?

बीड शहरातल्या कार्यालयाचा २३ आणि अंबाजोगाईच्या उपप्रादेशिक कार्यालयाचा ४४. जिल्हा लांबट आहे. पश्चिमेला आष्टी अहिल्यानगरच्या दाराशी, पूर्वेला परळी थेट परभणी आणि लातूरच्या शिवेला. परळीच्या माणसाने पासिंगसाठी बीड गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा. अंबाजोगाईला कार्यालय झालं आणि परळी, केजकडच्या लोकांची सोय झाली. परिवहन खात्याच्या रचनेत अंबाजोगाई बीडबरोबर नाही, लातूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. लातूर, धाराशिव, अंबाजोगाई हा एक गट. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड हा दुसरा. नांदेड, परभणी, हिंगोली हा तिसरा.

यातून एक गंमत होते. मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं मानतात : वेरूळचं घृष्णेश्वर, औंढ्याचं नागनाथ, परळीचं वैजनाथ. तिन्ही ठिकाणच्या गाड्यांचे कोड वेगळे, २०, ३८ आणि ४४. आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता, त्यामुळे देवळाबाहेर ०८ (रत्नागिरी), १२ (पुणे), ०४ (ठाणे) अशा पाट्या लागलेल्या दिसतात. त्या बघून कुणी तर्क लढवत नाही, कारण तिथे सगळ्यांना ठाऊक आहे की कुळाचार करायला आलेत.

उदगीर आणि वैजापूरला नवा कोड मिळाला. आमच्या जुन्या गाड्यांचे नंबर बदलावे लागतील का?

नाही. नंबर एकदा पडला की राज्यात राहीपर्यंत तोच. उदगीरमधली २४ ची गाडी २४ चीच राहणार, वैजापूरमधली २० ची २० चीच. नवा कोड नव्या गाड्यांना. हिंगोलीत आजही २२ च्या जुन्या गाड्या फिरताना दिसतात, त्या कुणी परभणीहून आणलेल्या असतीलच असं नाही. त्या नोंदल्या गेल्या तेव्हा हिंगोलीचं पासिंग परभणीतच होत होतं.

वैजापूरच्या बाबतीत आणखी एक. तिथल्या बाजारात १७ ची पाटी भरपूर दिसते. तो कोड श्रीरामपूरचा, त्यात कोपरगाव आणि शिर्डी येतात, आणि कोपरगाव वैजापूरला छत्रपती संभाजीनगरपेक्षा जवळ आहे.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. कोड बदलले का?

नाही. शहरांच्या नावांना केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, जिल्ह्यांच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. २० आणि २५ जिथल्या तिथे आहेत. पाटीवर गावाचं नाव नसतंच, त्यामुळे बदलण्यासारखं काही नव्हतं. आरसीवर जुनं नाव असेल तरी गाडीचे कागद चालतात. केवळ नावासाठी नवीन आरसी काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

आमच्या आगारातल्या एसटी गाड्यांवर आमचा कोड का नसतो?

एखाद्या दुपारी बीडच्या किंवा परभणीच्या स्थानकात फलाटाला लागलेल्या गाड्यांच्या पाट्या नुसत्या वाचत जा. २०, १४, २०, ४०, पुन्हा २०. स्थानिक कोड शोधावा लागतो. नवा प्रवासी गोंधळतो : बीड आगाराची गाडी आणि पाटी संभाजीनगरची?

एसटी महामंडळाच्या तीन मोठ्या कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. चासीवर बॉडी चढवायचं काम वर्षानुवर्षं तिथे होत आलंय. बॉडी जिथे बांधली तिथेच गाडी पास करून घेतात आणि मग ती राज्यातल्या कुठल्याही आगाराला जाते. म्हणून दापोडीच्या गाडीवर १४ (फार जुन्यांवर १२), हिंगण्याच्या गाडीवर ४० किंवा ३१, आणि चिकलठाण्याच्या गाडीवर २०. कोकणातल्या घाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलातही लाल डब्यावर एमएच २० वाचायला मिळतं ते यामुळे. आगार कुठलं हे बघायचं असेल तर बॉडीवर रंगवलेलं आगाराचं नाव वाचा, पाटीच्या नादी लागू नका.

दिवाळीत आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या १२ आणि १४ च्या असतात. एवढे पुणेकर लातुरात काय करतात?

पुणेकर नाहीत, आपलीच पोरं आहेत. लातूर, नांदेड, बीड, धाराशिवची मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्यात गेली. तिथे भाडेकराराच्या पत्त्यावर गाडी घेतली, नंबर १२ किंवा १४ चा पडला. वसुबारसेला चाकण, हिंजवडी, वाघोलीकडून गाड्या निघतात आणि पाडव्यापर्यंत गल्लीत उभ्या राहतात. शेजारचे म्हातारे पाटी बघून “पाहुणे कुठले?” विचारतात आणि आतून त्यांच्याच डोळ्यांदेखत मोठा झालेला पोरगा बाहेर येतो.

कोड नोंदणी झालेलं कार्यालय सांगतो, मालकाचं गाव सांगत नाही. नोंदणी जिथे राहतो त्या पत्त्यावर होते, जिथे जन्मला तिथे नाही. आणि एकदा पडलेला नंबर गाडी विकली तरी पाठ सोडत नाही, म्हणून १२ ची गाडी आज तीन मालकांनंतर देगलूरच्या शेतकऱ्याकडेही असू शकते.

कोल्हापूर, सांगलीकडे २३ आणि ४४ चे एवढे ट्रक, ट्रॅक्टर का दिसतात?

ऊसतोड. पाऊस संपला, दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने आणि पलीकडे कर्नाटकात बेळगाव, बागलकोटपर्यंत जातात. कोयते, भांडी, लेकरं, शेळ्या सगळं त्याच गाडीत. हंगाम संपेपर्यंत गाड्या तिकडेच. कारखान्याच्या गव्हाणीसमोर रात्री नंबर लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उजेड टाकून बघा, बीडच्या पाट्या शोधायला लागणार नाहीत.

एक तक्रार खूप जण करतात, की बाहेरच्या शहरात २३ ची पाटी दिसली की लोक वेगळ्या नजरेने बघतात, भाड्याने घर देतानासुद्धा पार्किंगमधल्या गाडीची पाटी बघून प्रश्न विचारतात. यावर कायद्याचं उत्तर काही नाही. बातम्यांमधून जिल्ह्याची जी प्रतिमा बनली ती आकड्याला चिकटली, एवढंच. ती पाटी लावून सहा महिने उसाच्या फडात राबणाऱ्यांची संख्या बातम्यांमधल्या नावांपेक्षा किती तरी मोठी आहे. उलट रीलवाल्यांनी त्याच आकड्याचा रुबाब करून ठेवलाय, मागच्या काचेवर भलामोठा एमएच २३. नांदेडची पोरं २६ चं तेच करतात. काचेवर काय लिहायचं ते लिहा, पाटीवर मात्र काहीही लिहायला मनाई आहे. नाव, जात, हुद्दा, देवाचं चित्र, काहीच चालत नाही.

लातूर-पुणे, नांदेड-पुणे स्लीपर बसवर एनएल, एआर, डीडी असे कोड असतात. या गाड्या नागालँडहून येतात?

बस नागालँडला कधी गेलीही नसेल. एनएल नागालँड, एआर अरुणाचल प्रदेश, डीडी म्हणजे दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. तिकडे प्रवासी बसची नोंदणी आणि कर स्वस्त पडतो, म्हणून मालक कागदोपत्री तिकडे पास करून अखिल भारतीय परवान्यावर इकडे चालवतात. मराठवाड्यातल्या माणसाने कोहिमाची पाटी पहिल्यांदा बघितली असेल तर ती रात्री दहा वाजता ट्रॅव्हल्सच्या मागच्या बाजूला.

सीमेपलीकडचे कोड कुठले ओळखीचे हवेत?

उदगीर, देगलूर, निलंगा, उमरगा भागात कर्नाटकचे चार कोड रोज दिसतात : केए ३८ बीदर, ३९ भालकी, ५६ बसवकल्याण आणि ३२ कलबुर्गी. नांदेडच्या बाजूला तेलंगण : ०१ आदिलाबाद, १६ निजामाबाद, १८ निर्मल. तेलंगणाचा कोड मार्च २०२४ पर्यंत टीएस होता, आता नव्या गाड्यांना टीजी मिळतो. राज्य वेगळं होण्याआधीच्या एपी पाट्याही अजून रस्त्यावर आहेत. म्हणजे एकाच आदिलाबादच्या गाड्या किनवटच्या बाजारात एपी, टीएस आणि टीजी अशा तिन्ही कोडने येतात.

आणि नांदेडात पीबी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पंजाबातून वर्षभर भाविक येतात. पीबी ०२ अमृतसर, पीबी १० लुधियाना.

राज्यातल्या राज्यात शेजारचे कोड : जालन्यात २८ बुलढाणा (देऊळगाव राजा, सिंदखेड राजा जालन्याला खेटून आहेत), सिल्लोड-सोयगावकडे १९ जळगाव, परांडा-भूमकडे १३ सोलापूर (बार्शीमुळे), माहूरकडे २९ यवतमाळ.

एकाच नावाच्या दोन गावांचा घोळ कसा ओळखायचा?

इथे कोड खरंच कामाला येतो. वाशी धाराशिव जिल्ह्यातला तालुका, तिथली गाडी २५ ची. वाशी नवी मुंबईतही आहे, तिचा ४३. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत नुसतं “वाशी पासिंग” लिहिलेलं असलं तर आकडा विचारा. कळंब धाराशिवमध्ये आहे (२५) आणि यवतमाळमध्येही (२९). आष्टी बीडची (२३) आणि वर्ध्याची (३२). शिरूर तर तीन : शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातुरात आणि पुण्याजवळचं घोडनदीकाठचं शिरूर.

कोडच्या पुढची अक्षरं कशी पडतात?

मालिका. एका मालिकेत १ ते ९९९९ नंबर. ती संपली की पुढचं अक्षर, ए पासून झेडपर्यंत, मग एए, एबी अशी दुहेरी. आय आणि ओ ही दोन अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. उरलेल्या २४ अक्षरांच्या एकेरी आणि दुहेरी मिळून ६०० मालिका होतात, म्हणजे एका कोडमध्ये साधारण ६० लाख नंबर. दुचाकी, मोटार आणि प्रवासी-माल वाहनं यांच्या मालिका सहसा वेगवेगळ्या चालवतात, त्यामुळे एकाच दिवशी पास झालेल्या स्कूटी आणि कारची अक्षरं जुळत नाहीत.

पाटीच्या रंगांचं काय?

पांढरी पाटी काळी अक्षरं खासगी. पिवळी पाटी काळी अक्षरं भाड्याची. हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक. त्यातल्या खासगीवर अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीवर पिवळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. पिवळ्यावर लाल अक्षरं तात्पुरत्या नोंदणीची.

४१४१ असा नंबर घेऊन ‘दादा’ लिहिलं तर चालतं का?

नंबर घेणं चालतं, तसा लिहिणं चालत नाही. ४१४१ वाकवून दादा, ८०५५ जुळवून बॉस, असे प्रकार मराठवाड्यात घरोघरी आहेत आणि ते सगळे दंडाला पात्र आहेत. नियमात इंग्रजी अक्षरं आणि साधे इंग्रजी आकडे हवेत, ठरल्या मापात. मराठी आकड्यांची पाटी दिसायला कितीही चांगली वाटली तरी ती नियमात बसत नाही. आता उच्च सुरक्षा पाटी (एचएसआरपी) आल्यावर हे रंगकाम करणाऱ्यांचा धंदा तसाही बसत चाललाय.

चॉईस नंबरला किती पैसे लागतात?

राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये दर वाढवले. चारचाकीला ०००१ साठी ५ लाख रुपये, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख. दुचाकीला ०००१ साठी १ लाख. बाकीच्या नंबरांचे टप्पे त्याखाली आहेत. एका नंबरासाठी दोघे आले तर बंद पाकिटातून जास्त रकमेचा धनाकर्ष (बँकेचा डीडी) देणाऱ्याला नंबर मिळतो. चारचाकीला हवा तो नंबर तिच्या मालिकेत शिल्लक नसेल तर दुचाकीच्या मालिकेतून घेता येतो, पण शुल्क तिप्पट.

हौसेला मोल नाही म्हणतात, आणि २० च्या पट्ट्यात ते कुणाला शिकवायला नको. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबाद शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून १५० मर्सिडीज एका सौद्यात घेतल्या आणि देशभर बातमी झाली. ज्यांची कुवत तेवढी नाही ते शेतातला कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर बुलेटला हवा तो नंबर घेतात. आकड्यांची बेरीज करून शुभ नंबर काढणारेही आहेत. त्या बेरजेवर आमचा विश्वास नाही, पण शोरूमवाल्यांना रोज त्याच चौकश्यांना तोंड द्यावं लागतं.

उच्च सुरक्षा पाटी नेमकी कशी ओळखायची? गावातल्या दुकानातून तशीच बनवून घेतली तर?

पाटी हातात घेऊन बघा. ॲल्युमिनियमची असते. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचं होलोग्राम, २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटर, क्रोमियमवर आधारलेलं. त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं. डावीकडे खाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, तो नखाने खरवडून जात नाही. अक्षरं उठावदार, आणि त्यांच्यावरच्या पट्टीत देशाचं नाव तिरकं छापलेलं, प्रकाशात तिरकी धरली की दिसतं. बसवायला स्क्रू नाही, एकदा ठोकला की न उघडणारा लॉक. मोटारीला पुढच्या काचेवर आतून लावायचं स्टिकरही मिळतं : पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी.

दुकानातली नक्कल लांबून हुबेहूब दिसते, पण तिचा दहा अंकी क्रमांक परिवहनच्या नोंदीत सापडत नाही. अशी पाटी असून नसल्यासारखी.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना राज्याने ठरवलेले दर असे : दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, मोटार आणि बाकी सगळ्यांना ७४५ रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. मुदत राज्याने अनेकदा वाढवली, त्यामुळे सध्याची तारीख परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरच बघा. नोंदणीही तिथूनच सुरू करा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या भलत्या संकेतस्थळांवर पैसे भरून फसलेले लोक आहेत.

दुसऱ्या जिल्ह्याची जुनी गाडी घेतली. नंबर बदलावा लागेल?

महाराष्ट्रातली असेल तर नाही. पुण्याची १२ ची गाडी जालन्यात नावावर झाली तरी १२ चीच राहते, आरसीवरचं नाव आणि पत्ता बदलतो. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी. गाडीवर बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. बोजा उतरवल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका, “हप्ते संपलेत, कागद नंतर देतो” यावर तर बिलकुल नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विकणारे हे कळवत नाहीत आणि वर्षभराने विकलेल्या गाडीच्या दंडाची ऑनलाइन पावती यांच्या मोबाइलवर येते.

गाडी बीदर किंवा निजामाबादची असेल तर गोष्ट वेगळी. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या कार्यालयाचं फॉर्म २८ चं ना हरकत पत्र आणायचं, इथला कर भरायचा, आणि तिकडच्या उरलेल्या काळाचा कर परत मागायचा. गाडी तिकडे पन्नास हजारांनी स्वस्त दिसली तरी कर आणि हेलपाटे धरून हिशेब करा. सीमेवरच्या गावांत केए पाटीवर वर्षानुवर्षं गाड्या चालवणारे आहेत. पकडले गेले की कर आणि दंड दोन्ही बसतात.

बीएच (भारत) पाटी कुणाला मिळते?

सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. सैन्य, केंद्र आणि राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी. पाटीवर आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच. राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. टपरीवरच्या अंदाजबहाद्दरांची या पाटीने पार पंचाईत केली आहे, तिच्यात जिल्हाच नाही.

वाळूजला बनलेल्या गाड्यांना २० चा नंबर असतो का?

संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना, शेंद्र्याला स्कोडाचा. गाडी बनली कुठे याचा नंबराशी संबंध नाही, घेणारा राहतो कुठे याचा आहे. वाळूजची दुचाकी पाटण्यात विकली गेली तर बिहारचा नंबर घेऊन फिरते.

नंबरावरून मालक शोधता येतो का?

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, कार्यालय, विम्याची मुदत दिसते. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पत्ता आणि मोबाइल दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. अपघात झाला असेल तर नंबर पोलिसांना द्या.

व्हॉट्सॲपवर “तुमच्या गाडीचं चलन” म्हणून एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका. ती बसवली की मोबाइलमधले ओटीपी चोरीला जातात आणि खातं रिकामं होतं. खऱ्या चलनाची फाइल अशी येत नाही. शंका आली तर परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा.

ट्रॅक्टरचा नंबर एक आणि ट्रॉलीचा दुसरा, हे बरोबर आहे का?

बरोबर. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते आणि तिला स्वतःचा नंबर असतो. मागच्या ट्रॉलीवर पाटीच नसणं हा ऊसवाहतुकीतला नेहमीचा प्रकार आहे, आणि अंधारात मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततं ते त्यामुळेच. पाटी आणि मागे लाल परावर्तक, दोन्ही लावा.

संभाजीनगर छावणीत लष्कराच्या गाड्यांवर बाण असतो, कोड कुठे असतो?

त्यांना राज्याचा कोड नसतो. संरक्षण खात्याची वेगळी नोंदणी असते. सुरुवातीला वर तोंड केलेला बाण, त्यापुढचे दोन आकडे गाडी खरेदीच्या वर्षाचे.